मामकुळ

मे महिन्यात जळगावला
उंदरांच्या खोलीला कूलर मिळाला, आम्हाला नाही.
सुपडूआप्पा वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारतात,
चष्मा पुसून उंदरांच्या कानांवरचे काप वाचतात:
डावा वरचा, उजवा खालचा. एकतीस नंबर, मादी.

भादरलेल्या पाठीवर एकदाच
काजळीच्या भावकीतल्या रसायनाचा थेंब.
नंतर आठवड्यातून दोनदा जमालगोट्याचं तेल.
"आमच्या आज्याला हे पोट साफ करायला द्यायचे,"
आप्पा म्हणाले, आणि हात पुन्हा धुतले.

अकराव्या आठवड्यात चामखिळी.
तिसाव्यापर्यंत त्यातल्या काहींचं
घरात ज्याचं नाव मोठ्यानं घेत नाहीत, ते.

पुस्तकात लिहिलंय,
रसायनानं उठवलेली गाठ ज्याच्या त्याच्या तोंडवळ्याची,
एकीची ओळख दुसरीला लागू नाही.
बामणोदला काय, भालोदला काय,
भरताचं वांगं तेच,
धूर प्रत्येक पऱ्हाटीचा वेगळा.

तरी आम्ही चार नंबरची गाठ
किरणांनी मारून त्याच वाणाच्या निरोगी उंदराला टोचली.
महिन्यानं त्याच्या कातडीखाली
एकतिसावीची जिवंत गाठ पेरली.
रोज मोजायची.
चार मिलिमीटर. पाच.
साडेतीन.
शनिवारी बोटाला काही लागेना.
(एकोणिसाव्याची पेरलेल्यात मात्र वाढतच गेली.
तेही वहीत आहे.)

"झालं काय पण आत?"
मी म्हटलं, आप्पा,
मांडवात अनोळखी पाव्हणा शिरला
की तुमच्या बहिणी काय करतात?
ते हसले. "कोनता गावना शेस?
कोनना पोऱ्या? मामकुळ कोनतं?"
विचारत विचारत
कुठलं तरी नातं निघतंच.
इथं नातं निघालं की जीव जातो.

"म्हणजे दोन्ही गाठींचं मामकुळ एक?"
एखाद्या धाग्यानं. त्याला नाव नाही अजून.
फिल्मवर दोन रकान्यांत, एकाच उंचीवर
काळी रेघ,
एक ठसठशीत, एक इतकी पुसट
की नेहेते मॅडमनी ती खिडकीशी नेऊन पाहिली.

आप्पा बराच वेळ पिंजऱ्यापाशी.
वाचलेला उंदीर दोन पायांवर उभा राहून
जाळीतून त्यांचं बोट हुंगत होता.
"आणि ह्याचं?"
वाचलेल्याचीच पानथरी लागते, आप्पा.
सोमवारी.

त्यांनी कार्ड सरळ केलं.
भुसा बदलायचा वार नव्हता,
तरी बदलला.