हातचा एक

फॉर्मवर एक चौकट आहे:
अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांतून तुम्ही काय शिकलात?
दोनशे शब्द, शुक्रवारपर्यंत.
खाली सहीची जागा, आणि तीन श्रेयांक.

एप्रिल आहे. तार्तूमधला बर्फ काळा पडून
फुटपाथच्या कडेला विरघळायला बसलाय.
मी 'संघभावना' असं लिहिलं
आणि खोडलं.

खरं तर गायकवृंदात पहिल्या वर्षी एवढंच सांगितलं होतं,
की शेजारची श्वास घेईल तेव्हा तू घेऊ नकोस.
सूर लांब असतो, एकीच्या छातीत मावत नाही.
लीसबेतचा खांदा किंचित वर गेला की मी धरून ठेवायचं,
माझा संपत आला की तिनं.
ऐकणाऱ्यांना वाटतं, अखंड आहे.
आत उभं राहिल्यावर कळतं किती ठिकाणी तुटतोय
आणि कोण कुणाची तूट भरतंय.
जलविज्ञानाच्या पेपरात हे कुठेच घालता आलं नाही.

मग बेडूक.
थंडी सैल झालेल्या ओल्या रात्री
ते जंगलातून तळ्याकडे निघतात.
मधे डांबरी रस्ता झालाय
हे त्यांना कुणी कळवलेलं नाही.
आम्ही दहा ते एक. पिवळी जाकिटं, बादल्या,
आणि हेइनो, जो तीस वर्षं
याच वळणावरून दुधाचा टँकर न्यायचा.
चाकाखाली काय येतंय ते ऐकू यायचं, म्हणाला,
मग रेडिओ मोठा करायचो.
एकदाच म्हणाला.
तक्त्यात दोन रकाने असतात, जिवंत आणि मेलेले.
दुसरा तोच भरतो, कुणाला हात लावू देत नाही.

आणि आवेइरो, फेब्रुवारी ते सप्टेंबर.
वर्गातलं अर्धं डोक्यावरून गेलं,
तिथली माणसं स्वर गिळून बोलतात
आणि मी व्यंजनांच्या ढिगाऱ्यात अर्थ शोधत बसायची.
जूनपासून शनिवारी खाजणातल्या मिठागरावर जाऊ लागले.
दोना देओलिंदाने लांब दांड्याचं फावडं हातात दिलं
आणि लगेच मनगटावर चापट मारली:
वरवर ओढ. दाबलंस तर चिखल येईल.
मी दाबलंच.
पहिल्या महिन्यातलं माझं मीठ राखाडी निघालं.
तिने ते फेकलं नाही, वेगळ्या पोत्यात भरलं.
रस्त्यासाठी, म्हणाली.
तुमच्याकडे बर्फावर टाकतात ना?

(हेही दोनशे शब्दांत बसतं का?
आणि यातलं 'कौशल्य' नेमकं कोणतं?)

परवा रात्री, मोसमातल्या पहिल्या फेरीला,
मी देओलिंदाने दिलेली पुरचुंडी हेइनोपुढे उघडली.
पांढरं, चांगलं, ऑगस्टमधलं.
त्याने चिमूट जिभेवर ठेवली, बराच वेळ काही बोलला नाही.
मग गवतात हालचाल झाली, मी वाकले,
आणि तो ओरडला, थांब!
हात. हात धू आधी.
ते कातडीने श्वास घेतात, पोरी. मीठ पोळतं त्यांना.

एवढ्या लांबून जपून आणलेलं,
आणि ते आधी धुवायचं.
मी चराच्या गार पाण्यात हात घातले,
एकदा, मग पुन्हा, नखांखालून,
बोटं बधिर होईपर्यंत.
हेइनोने बॅटरी माझ्या तळव्यांवर धरली होती,
शाळेत तपासायचे तशी.

मग उचलला. मादी असावी, जड होती.
गळ्याखालची कातडी भराभर उडत होती,
माझा श्वास आपोआप अडला, सवयीने,
तिचा चालू होता म्हणून.

रस्त्यापलीकडून लीसबेतने हाक दिली, किती झाले?
मी बादलीत पाहिलं.
बेचाळीस, म्हटलं,
आणि हातचा एक.