अकरा जणांत एक दुर्बीण

शनिवारी पहाटे करमळीच्या तळ्यावर
इचलकरंजीची मिनीबस आम्हां अकरा जणांना उतरवून
चहाच्या शोधात मागे वळली.
इनास बांधावर उभा होता,
अर्धी चड्डी, माकडटोपी,
आणि गळ्यात दुर्बीण. एकच.

बावीस वर्षं तारवटी होता तो, मालवाहू जहाजावर.
दुर्बीण तिथलीच. "दिली नाही कुणी, आणली,"
म्हणाला, आणि हसला नाही.
डाव्या भिंगात बुरशी धरलीय तिला.
"तेवढं बेट सोडून बघा."

मग फिरू लागली ती गळ्यागळ्यातून.
हुल्ले सरांच्या डोळ्यांना बसवलेली
शिरगुप्पे वहिनींना एकाचे दोन पक्षी दाखवी;
त्यांनी चक्र फिरवलं, श्वास धरला, एक केला,
तोवर तो एकही उडाला.
खंजिऱ्यांच्या पोरानं उलटी धरली
आणि आख्खं तळं, माडांसकट,
बशीत वाढल्यागत लांब जाऊन बसलं.
तो एकटाच खूश.

"थंय पळय, थंय!"
इनासचं बोट ताठ,
आणि बोटाच्या पुढे नुसतं धुकं.
अडई म्हणे शीळ घालते.
कमळपक्षी म्हणे पानावरून चालतो आणि पान बुडत नाही.
हा इथलाच, तो दूरचा, हिवाळ्यापुरता आलेला.
आम्ही हो हो म्हणत होतो,
लग्नात ओळख न लागलेल्या पाहुण्यांना म्हणतात तसं.

"यातले पुष्कळ माझ्या बापायन खाल्लेत,"
इनास मधेच म्हणाला.
"मीही. लहान होतो.
अजून आधी चव आठवते, मग नाव."
वहिनींनी पदर तोंडाला लावला.
आम्ही सगळेच पाण्याकडे बघू लागलो, फारच लक्ष देऊन.
थोड्या वेळानं त्यांनीच हळूच विचारलं,
"कुठला?"

माझी पाळी आली तेव्हा नेमकी पलीकडून रेल्वे गेली.
तळं उठलं. म्हणजे तळ्यावरचं सगळं उठलं,
शेकड्यांनी, ओल्या चादरी झटकाव्यात तसा आवाज,
आणि सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं
माझ्याशिवाय.
माझ्या डोळ्यांना वहिनींच्या पावडरचा वास होता,
पट्टा कुणाकुणाच्या घामानं गार,
आणि भिंगात रिकामं पाणी, वर ते बुरशीचं बेट.

बेटाच्या कडेला एक बाई दिसली.
पलीकडच्या काठाला, मानशीपाशी,
साडी गुडघ्यावर खोचलेली, कमरेला टोपली.
कपाळावर आडवा हात धरून
ती आमच्याकडे बघत होती.
तिचे ओठ हलत होते.
बहुतेक मोजत होती आम्हांला.

"दिसला?" इनासनं विचारलं.
"दिसला," मी म्हटलं.

रविवारी मयेला गेलो. तिथे पायडलच्या होड्या,
काजूगर, फोटो.
दुर्बीण कुणी मागितली नाही,
ती इनासच्या पोटावर वर-खाली होत झोपली.
निघताना त्यानं यादी वाचली, चौतीस नावं,
ज्याला जे दिसलं त्यानं हात वर करायचा.
हात वर होत राहिले. माझाही.
हुल्ले सर तर दोन-दोन.

परतीच्या वाटेवर खंजिऱ्यांचं पोर शेजारी येऊन बसलं.
"काकी, खरं सांगा, काय दिसलं तुम्हांला?"
मी म्हटलं, एक बाई.
त्यानं यादीचा कागद उलगडला, पेन काढलं,
अगदी इनाससारखा घसा साफ केला.
"स्थानिक का स्थलांतरित?"
मी म्हटलं, कुणास ठाऊक. आपल्याला बघत होती.
"मग स्थानिक," तो म्हणाला, लिहून घेतलं,
आणि चोर्ल्याच्या पहिल्याच वळणावर
खिडकीबाहेर मान काढून भडाभडा ओकला.