रीडिंग

दर महिन्याच्या अकरा तारखेला मी गिरणीत जातो.
मशीन गळ्यात, बॅटरी खिशात.
गेटवर पाळ्यांच्या वेळा अजून रंगवलेल्या आहेत,
सात, तीन, अकरा,
आणि त्याखाली नव्या अक्षरांत: कलादालन, सोमवारी बंद.

चौदा गाळे. चौदा मीटर.
कांडीखात्यात आता मातीकाम चालतं.
भट्टीचं मीटर मेच्या दुपारच्या कुत्र्यासारखं धापा टाकतं.
बिल बघून तो बार्शीचा पोरगा मला चहा पाजतो,
जणू आकडा माझ्याच हातात आहे.

साचेखात्याच्या टोकाला नरसय्या गुंडेटी.
युनिट शून्य. सलग सहा महिने शून्य.
मी आकडा शोधला, वायर शोधली, माळ्यावरही चढलो.
तो रागावला नाही. ब्रशनेच वर दाखवलं:
करवतीच्या दातांसारखं छप्पर,
दाताच्या एकाच बाजूला काच, तीही उत्तरेकडे.
‘ऊन येत नाही, उजेड येतो.
तुटलेला धागा दिसावा म्हणून मालकाने केलेलं.
मला फुकटात मिळालं.’
तो फरशी रंगवत होता. म्हणजे फरशीचं चित्र.
माग उपटून नेले तिथले बोल्टचे खड्डे,
एकेक, तेलाच्या डागासकट.
पाच वाजता काच राखाडी झाली
तसा म्हणाला, ‘चालु,’ आणि ब्रश धुवायला घेतला.
त्याच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
माझ्या मशीनवर पर्याय तीनच:
चालू, बंद, नादुरुस्त.
मी चालू दाबलं.

नऊ नंबर, रेहाना नदाफ.
एक पंखा, एक ट्यूब, चौदा-पंधरा युनिट, त्यात बघण्यासारखं काही नसतं.
या खेपेला फळीवर हात होते.
प्लास्टरचे, मनगटापर्यंत, पांढरेफटक.
‘विडीवाल्या बायकांचे,’ ती म्हणाली, ‘विडी घरकुलातल्या.
साच्यात हात धरून वीस मिनिटं बसायचं.
एवढा वेळ रिकामं बसवत नाही, म्हणतात.’
बोटं अर्धवट मिटलेली,
मधे विडीएवढी जागा.

माझी आई दिवसाला हजार वळायची.
सूप मांडीवर, कात्री उजवीकडे,
जेवतानाही अंगठा तर्जनीवर फिरत राहायचा,
घासाची विडी व्हायची.
तिला जाऊन चार वर्षं झाली,
तेव्हा ती या फळीवर असायचं कारण नाही.
तरी मी एकेक हात बघत गेलो,
एकोणीसपर्यंत.

‘तंबाखूचा रंग येत नाही का यात?’
‘नाही. साच्यात फक्त आकार येतो.’
‘वास?’
ती हसली नाही. तिने त्यातला एक हात माझ्या हातात दिला.
वाटला त्यापेक्षा जड होता.
कुठे धरायचा ते कळेना,
शेवटी बोटांना धरला.

अशोक चौकात सिग्नलला आठवलं,
नऊ नंबरचं रीडिंग घ्यायचंच राहिलं.
परत गेलो तर कुलूप.
सरासरी टाकली.