निदानरेषा

हर्णैच्या लिलावात मी आता क्रेटवर बसते.
बाकीच्या उकिडव्या, पापलेटांवर वाकलेल्या.
नवी आलेली पोर विचारते, मावशी, पाट देऊ?
पाटावरून उठायचं कसं
हा प्रश्न तिला अजून पडलेला नाही.

एकोणीस वर्षांची होते. गुहागरचं मैदान,
माती कडक, हॅलोजनभोवती किडे.
तिसरी चढाई. निदानरेषा ओलांडून वळले
आणि डाव्या घोट्याला पकड बसली.
पाऊल जागीच राहिलं, बाकीची मी वळत गेले.
आवाज फार नव्हता,
कोयत्यानं शहाळ्याची शेंडी उडते तेवढाच.
दम सुटला नाही माझा. हात मध्यरेषेला लागला.
गुण मिळाला.

मग केळशीचा हाडवैद्य, पाला, अंडं, बांबूच्या कामट्या.
दीड महिन्यात चालू लागले. सगळे म्हणाले, बरी झाली.
मीही म्हटलं.
फक्त होडीतून उतरताना कधीकधी
गुडघा निघून जायचा,
न सांगता बाहेर पडलेल्या माणसासारखा,
आणि परत यायचा, तेही न सांगता.

आमच्या मागच्या दाराची वरची बिजागरी सैल होती.
बाबा म्हणायचे, दार लागतंय ना?
लागत होतं.
कोब्यावर त्यानं अर्धगोल कोरला,
रोज केसभर, सत्तावीस वर्षं.
दापोलीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला
तेव्हा मी ते दार ओळखलं.
लिगामेंट तेव्हाच गेलं होतं, म्हणाले, आता कूर्चा.
तेव्हा ऑपरेशन केलं असतं तर?
खरं बोलणारा माणूस. म्हणाले,
कदाचित. शिवलेलेही झिजतात.

बाहेर बाकावर हेमांगी पावसे.
बुरोंडीच्या संघाचा डावा कोपरा.
घोटे धरण्यात जिल्ह्यात तिचं नाव होतं.
कधी पडली नाही, कधी लागलं नाही,
आणि दोन्ही गुडघे गेलेत.
मी म्हटलं, गुहागर. तिसरी चढाई.
तिनं आठवून पाहिलं. खरंच पाहिलं.
नाही गं आठवत. जिंकलो होतो का आम्ही?

चिऱ्याच्या प्रत्येक पायरीवर मी हिच्याशी भांडले होते.
एका गुणानं, मी म्हटलं. आम्ही.
ती हसली. मग दोघी उठलो,
आधी हात बाकावर, मग एकमेकींवर.

बिजागरी गेल्या रविवारी बदलली.
अर्धगोल आहे तसाच. लादी पुसताना त्यात पाणी राहतं.

जुन्या जाळ्याची शिशं काढून
पिशवीत शिवलीत. तिन्हीसांजेला बांधते,
त्याच घोट्याला,
आणि पाय सरळ उचलून धरते.
दहापर्यंत मोजा, असं सांगितलंय.
मी आकडे मोजत नाही.
ओठांतल्या ओठांत कबड्डी, कबड्डी, कबड्डी,
मांडी थरथरते, शिसं खाली ओढतं.
आतून दिगंबर विचारतो, कोण आलंय गं?
मध्येच दम सोडायचा नसतो.
उत्तर देत नाही.