अकरा सेकंदं

पुंता अरेनासचा वारा आधी उपटला
माइकमधून, मुळासकट.
मग काकाची ढेकर,
केकवर उडून पडलेली कुणाची टोपी.

मग इलारियोचं अडखळणं.
‘मी तुला व… व… व…’
त्याच्या आईचा, ओतिलियाबाईंचा निरोप होता,
तेवढं गुळगुळीत कर, पोरी.
अकरा सेकंदं. कापली.
वचन सुतासारखं सरळ.

रात्री तीनला, आवाज बंद करून,
दुसऱ्या कॅमेऱ्याचं फुटेज लावलं.
त्याच अकरा सेकंदांत
रायेनचे ओठ हलतायत, जेमतेम.
तोच शब्द.
त्याच्या आधी पोचून
दार उघडून उभी.

अकराच्या अकरा परत जोडली.
मागे थोडा वाराही सोडला.

ओतिलियाबाई पैसे कापतील.
कापू देत.