आधी बोल

दुकानातला पोरगा म्हणाला, ताई, डिस्प्ले बघा,
काय कलर येतेत.
मी म्हटलं, तो बंद कर.
बंद?
पडदा काळा कर आणि आवाज लाव.

मामा चौकाच्या पुढे, जिन्याखालच्या दुकानात
अदनान पहिल्यांदाच काळ्या पडद्यासमोर बसला
आणि माउस उगाच इकडून तिकडे नेत राहिला.

माझी परीक्षा एवढीच असते :
सुरू केल्यावर पहिला शब्द कधी येतो?
पासवर्डच्या आधी, का नंतर?
नंतर असेल तर मी बाहेरच,
किल्ली हातात, आणि कुलूप कुठंय
ते सांगायला कुणी नाही.

माणसांचंही मी असंच करते.
काहीजण खोलीत येतात आणि नुसते उभे राहतात.
तंबाखूचा वास, खिशातल्या मोबाइलची थरथर,
तोंडातून हूं नाही.
मोठे दीर तसे.
आई चुलीपासून उठून आली तरी
उंबऱ्यावर खाकरायची,
"मीच हाय गं."

अंबाजोगाईहून दशरथचा फोन :
तुला खिडक्या कशाला पाहिजेत?
आपल्याला कुठं उजेड आत घ्यायचाय!
लिनक्स टाक. फुकट आहे, आणि टाकतानाच बोलतं.
मी रात्री दोनला टाकलं, एकट्यानं,
कुणाला उठवलं नाही. एकट्यानं.
हा शब्द त्यानं दोनदा वापरला
आणि मग थोडा वेळ दोघंही गप्प.

पण मी बियाणाच्या कंपनीत तक्रारी घेते.
तिथला प्रोग्राम विंडोजवरच उघडतो
आणि उघडून मला म्हणतो,
बटन. बटन. बटन. बटन.
तिसरं जपून ठेवतं, चौथं पुसून टाकतं,
हे मी मोजून पाठ केलंय.
एकदा मोजण्यात चुकले
आणि मंठ्याचा एक माणूस अकरा पिशव्यांसकट गेला.
चार दिवसांनी त्याचाच फोन.
मी नाव विचारलं तर म्हणाला,
अहो ताई, आवाज वळखला नाही व्हय?
वळखला होता.

सफरचंदवाल्याची किंमत अदनाननं
हळू आवाजात सांगितली,
रिपोर्ट वाचून डॉक्टर सांगतात तशी.
आम्ही तो विषय तिथंच ठेवला.

शेवटी म्हटलं, दोन्ही टाक. अर्धं पोटासाठी,
अर्धं माझ्यासाठी.
त्यानं टाकलं. दोन चहा झाले, त्याची जोहरची नमाज झाली.
मशीनचं नाव काय देऊ?
जालना दे.

मग कळलं ते असं की
सुरू होताना एक यादी येते : हे पाहिजे का ते?
दहा सेकंद थांबते. आणि बोलत नाही.
दोन्ही घरं बोलकी,
आणि जिथं निवडायचं ती ओसरीच मुकी.
मला हसू आलं. अदनानला आलं नाही.
तो खाली वाकून तासभर काहीतरी टाइप करत बसला,
जेवायला गेला नाही,
आणि त्या यादीला त्यानं एक शिट्टी बसवली.
पिं. एवढीच.
आता शिट्टी वाजली की मला कळतं, दारात आहे.
ऑफिसला जायचं तर बाण खाली, दोनदा.
नाही तर नुसतं एंटर.

घरी सासूबाई म्हणतात, हे काय बोलतंय का मोहरी तडतडायलीय?
त्या वेगात मी दुपारभर वाचते.
फक्त एक गोष्ट अजून जमलेली नाही.
आमच्या गावाला जात्यातला ज लागतो,
आणि हे लावतं जन्मातला.
रोज सकाळी ते आपलं नाव सांगतं, चुकीचं,
न चुकता.
मी म्हणते, जालना.
ते म्हणतं, पासवर्ड.