बसा, सरकतो मी

बसा भाऊ, सरकतो मी.
हा बाक त्या बाजूनं डुगडुगते, भिंतीकडून बसा.
पहिल्यांदाच आले ना?
कळते. फाइल अशी छातीशी धरून
पहिल्यांदा आलेलाच माणूस बसते.

मी हेडाऊ. गोळीबार चौकात कूलरचं दुकान आहे.
एप्रिल लागला की अख्खी गल्ली माझ्याकडे:
खस बदला, टाकी गळून राहिली, पंप बसला.
रस्त्यानं जाता जाता सांगतो मी,
तिसऱ्या माळ्यावरच्या कोणत्या मोटारीचं बेअरिंग
आठ दिवसांत जाणार.
कान आहेत माझे, असं लोक म्हणतात.

आणि घरात, भाऊ,
भिंतीच्या पलीकडे पोरगी
आठ महिने आवाज करून राहिली होती.

मोठा नाही.
ताट अर्धं परत येणं.
बॅडमिंटनची रॅकेट माळ्यावर जाणं.
दुपारी चारलाही दार लोटलेलं.
क्लासच्या सरांचा फोन आला,
रुचिता सोमवारपासून दिसली नाही,
तर मी तिलाच झापलं. सत्तर हजार भरले, म्हटलं,
सत्तर हजाराला किती कूलर दुरुस्त करा लागतात, माहीत आहे?
ती म्हणाली, माहीत आहे बाबा.
तेवढंच.

मग मे. पारा सेहेचाळीस.
कुत्रे नालीत बसून राहिले होते
आणि आमची पोरगी घरात
फुल बाह्यांचा कुर्ता घालून.
मी तिच्यासमोर कूलर सरकवला.
सरकवला, भाऊ!
विचारलं नाही, काऊन.

विचारलं तिच्या आईनं. रात्री, वेणी घालता घालता,
बाहीला हात न लावता.
काय बोलल्या दोघी, मला सगळं माहीत नाही.
आई बाहेर आली तेव्हा कंगवा हातातच होता.

या गोष्टीला आमच्या घरात शब्द एकच,
तोही चौकाचा: पागलखाना चौक.
लहानपणी आम्ही चिडवायचो एकमेकाला,
चाल, तुला मानकापूरच्या बसमध्ये बसवतो.
तो शब्द माझ्याच दारात येऊन उभा राहिला
तर हसू येईना.
वहिनी म्हणाली, नजर आहे, उतरवून टाका.
साळा म्हणाला, मोबाइल काढून घ्या, दोन दिवसांत सरळ होते.
आणि न्यायचंच असेल तर कोणाला दिसू देऊ नका,
उद्या लग्न करायचं आहे पोरीचं.
मी म्हटलं, उद्यासाठी आधी पोरगी पाहिजे ना.

नाही, खोटं बोललो.
तेव्हा गप्पच होतो मी.
हे नंतर सुचलं, याच बाकावर.

पण आलो. मेडिकलला आलो, चिठ्ठी काढली,
रांगेत लागलो. बस, एवढंच होतं ते.
डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून मान खाली घालून बसलो.
आठ महिने कुठं होते, असं नाही विचारलं त्यांनी.
आले ना, म्हणाल्या.

बरी झाली का? हेच विचारणार होते ना तुम्ही.
रात्रीची गोळी आहे. गुरुवारी तासभर बोलणं आहे,
ती आत, मी इथं.
काही दिवस चांगले जातात, काही नाही.
परवा झुणका करपला म्हणून आईवर आवाज चढवला तिनं.
आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून राहिलो,
लॉटरी लागल्यासारखे.

तुमचा पोरगा तो का, खिडकीपाशी, टोपीवाला?
सारखं पाहू नका त्याच्याकडे.
तुम्ही बसले आहे, हे त्याला पाठीनंही कळते.
पोरगं काही कूलर नाही, समजते मला,
बेअरिंग बदललं की झालं, असं नाही इथं.
पण आवाज आला तर उठायचं,
एवढं तरी सारखंच आहे.

वरचा पंखा ऐकला? कट् कट् करून राहिला.
सतरा... तुमचाच नंबर.
फाइल त्याच्या हातात द्या, तुम्ही नुसते सोबत चाला.
जा.
पंख्याचं मी पाहतो.